चौकात फलक हवा, पण कोणत्या रस्त्यावर?

पत्राचा गोषवारा: पुण्याच्या एका उपनगरातल्या निवृत्त शिक्षिका लिहितात, "आमच्या कॉलनीत दोन रस्ते एकमेकांना छेदतात. एक जरा रुंद आहे. त्यावरून रिक्षा, शाळेच्या व्हॅन आणि मुख्य रस्त्यावरचा सिग्नल चुकवणाऱ्या दुचाक्या जातात. दुसरा अरुंद, चार सोसायट्यांपुरता. चौकात ना फलक, ना पट्टे. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या आजोबांना दुचाकीची धडक बसून खुब्याचे हाड मोडले. महापालिकेला पत्र दिले, त्याची प्रत सोबत जोडते. वर्ष झाले, उत्तर नाही. आता सोसायटीत तीन तट पडलेत. अध्यक्ष म्हणतात, वर्गणी काढून आपणच गतिरोधक घालू आणि फलक रंगवून लावू. तरुण मंडळींना चारही बाजूंना 'थांबा'चे फलक नाहीतर थेट सिग्नल हवा आहे. आमचे यजमान म्हणतात, इथे सिग्नल कुणी पाळत नाही, फलक कोण बघणार? मी सह्या गोळा करायच्या ठरवल्या आहेत. त्या कुणाकडे न्यायच्या आणि नेमके काय मागायचे?"

नमस्कार.

सह्या जरा थांबवा. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी सुटला पाहिजे. तुम्ही पाठवलेल्या पत्रात शेवटी लिहिले आहे, "तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती." असे पत्र पथ विभागात गेले की ते वाहतूक पोलिसांचे काम ठरते आणि पोलिसांकडे गेले की महापालिकेचे. 'योग्य ते' काय, हे ठरवायला कुणीतरी चौकात येऊन उभे राहावे लागते आणि तेवढी उसंत कनिष्ठ अभियंत्याला क्वचितच असते. ते काम तुम्ही करून दिलेत, तर पत्र हलते.

आता मूळ समजुतीकडे. फलक नाही म्हणून अपघात होतात, असे तुम्ही सगळ्यांनीच धरून चालला आहात. चौकातल्या धडकेमागे साधारण तीन कारणे असतात. आडवा येणारा वेळेत दिसत नाही. किंवा दिसतो, पण वेग इतका असतो की थांबता येत नाही. किंवा दोघेही दिसतात, दोघेही थांबू शकतात, पण आधी कुणी जायचे हे दोघांनाही माहीत नसते. फलक तिसऱ्या कारणावर चांगला लागू पडतो, पहिल्यावर थोडाफार, दुसऱ्यावर जवळजवळ नाही. तेव्हा तुमच्या चौकाचा आजार कोणता, ते आधी बघू.

सुरुवात दिसण्यापासून. अरुंद रस्त्यावर चौकाच्या कडेपासून १५ मीटर मागे, म्हणजे साधारण वीस पावलांवर, खडूने खूण करा. तिथे जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर डोळे ठेवून डावी-उजवीकडे पाहा; मोटारीत बसलेल्या माणसाची नजर साधारण तिथेच असते. मुलांना रुंद रस्त्यावर चौकापासून ९० मीटरवर दोन्ही बाजूंना उभे करा. ताशी ४० किलोमीटरने येणारे वाहन ८ सेकंदांत एवढे अंतर कापते आणि भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकांत उपरस्त्यावरून मुख्य रस्त्यावर येणाऱ्याला एवढी सवड धरलेली आहे. मुले दिसली, तर 'रस्ता द्या'चा उलटा त्रिकोण पुरतो. दिसली नाहीत, तर तिथे 'थांबा'चा लाल अष्टकोनच हवा. अभियंत्याशी बोलताना "अपघात फार होतात" या वाक्यापेक्षा "पंधरा मीटरवरून उजवीकडचे फक्त वीस मीटर दिसतात" हे वाक्य शंभरपट उपयोगी पडते. तिथून त्याच उंचीवरून दोन्ही दिशांचा फोटो काढून ठेवा.

त्या फोटोत काय आडवे येते, हेही प्रामाणिकपणे पाहा. बहुतेक कॉलन्यांत ते असे असते: कोपऱ्याला टेकून लावलेली मोटार, कंपाउंडवरून बाहेर वाकलेली बोगनवेल, वाढदिवसाचा फ्लेक्स, भाजीची गाडी, आणि एखादा विजेचा डीपी. यातला डीपी सोडला तर बाकी सगळे फलकाची वाट न पाहता हलू शकते. कोपऱ्यावरची मोटार बहुधा सोसायटीतल्याच कुणाची तरी असते आणि सह्यांच्या कागदावर पहिली सहीही त्याचीच असते. चौकाजवळ वाहन उभे करणे नियमांत बसत नाहीच, पण पोलिसांना बोलावण्याआधी सोसायटीच्या बैठकीत कोपऱ्यापासून १५ मीटरच्या आत कुणी गाडी लावायची नाही, एवढा ठराव करून घ्या. कुंपण छातीच्या खाली छाटा. रस्त्यावरच्या झाडाच्या फांद्यांना मात्र स्वतः हात लावू नका, त्यासाठी उद्यान विभागाकडे अर्ज द्यावा लागतो. भाजीवाल्याला हुसकावण्याचीही गरज नाही. वीस पावले पुढे सरकायला सांगा. गिऱ्हाईक तुटत नाही म्हटल्यावर तो सरकतो.

आता वेग. रुंद रस्त्यावर चौकाच्या अलीकडे ५० मीटर टेपने मोजा आणि दोन टोकांना खुणा करा. गच्चीवरून, दोन्ही खुणा दिसतील असा मोबाइलचा व्हिडिओ घ्या आणि नंतर सावकाश वेळ मोजा. १८० ला सेकंदांनी भागले की ताशी किलोमीटर मिळतात: ६ सेकंद म्हणजे ३०, साडेचार म्हणजे ४०, ३.६ म्हणजे ५०. हातातल्या स्टॉपवॉचवर भरवसा ठेवू नका. चार सेकंदांत पाव-अर्ध्या सेकंदाची चूक झाली तरी वेग चार-पाच किलोमीटरने हलतो. पुढे वाहन नसलेली, मोकळी धावणारी ४० वाहने घ्या, वेग चढत्या क्रमाने लिहा आणि ३४ वा आकडा बघा. अभियंते ज्याला ८५ टक्क्यांचा वेग म्हणतात, म्हणजे शंभरातली ८५ वाहने ज्याच्या आत धावतात, तो हाच. सरासरी देऊ नका, तीत भरधाव जाणारे लपतात.

आकडा ३० च्या आसपास निघाला, तर फलक आणि पट्ट्यांवर बरेच भागेल. ४० निघाला, तर हा हिशेब बघा: समोर काही आडवे आले हे लक्षात येऊन ब्रेकवर पाय जाईपर्यंत मानकांत अडीच सेकंद धरतात. तेवढ्यात गाडी २८ मीटर पुढे गेलेली असते. मग ब्रेक लागून थांबायला आणखी १६-१७. एकूण ४५ मीटर, ताशी ३० ला हेच ३० मीटर. ओल्या रस्त्यावर ब्रेकची पकड आणखी कमी होते. आजोबांना धडक पावसाळ्यात बसली, हा योगायोग नसावा.

तिसरे कारण, आधी कोण. फलक किंवा पोलीस नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे, असा नियम आपल्याकडे आहे. लायसन्सच्या परीक्षेपुरता तो सगळ्यांना येतो, चौकात मात्र मोठी गाडी आधी जाते. म्हणूनच इथे फलक खरे काम करतो: तो प्राधान्य ठरवून टाकतो. त्यासाठी प्राधान्य आधी तुम्हाला ठरवावे लागेल आणि तिथेच चारही बाजूंना 'थांबा' लावण्याची कल्पना लंगडी पडते. अमेरिकेत ती चालते, कारण जो आधी थांबला तो आधी निघणार, ही शिस्त तिथे लहानपणापासून अंगात मुरलेली असते. आपल्याकडे चौघांनाही 'थांबा' सांगितले की कुणीच थांबत नाही, आणि ज्या एकाने खरेच थांबावे त्याचाही फलकावरचा विश्वास उडतो. रुंद, जास्त रहदारीचा रस्ता मोकळा ठेवा. अरुंद रस्त्याच्या दोन्ही तोंडांना 'थांबा' मागा. म्हणजे बंधन तुमच्या स्वतःच्या चार सोसायट्यांवर येते. बैठकीत कुरकुर होईल. पण बाहेरच्यांपेक्षा रोजच्या माणसांना सवय लावणे सोपे असते, आणि हे बैठकीत आधीच बोलून घेतलेले बरे, नाहीतर फलक लागल्यावर सोसायटीतलेच कुणीतरी तो काढायला अर्ज करते.

सिग्नलबद्दल तरुण मंडळींना एकच सांगा. मानकांप्रमाणे, रस्त्यांना प्रत्येक दिशेला एकच मार्गिका (लेन) असलेल्या चौकात सिग्नलचा विचार करायला मुख्य रस्त्यावर दोन्ही दिशा मिळून ताशी ६५० आणि उपरस्त्यावर एका दिशेने ताशी २०० वाहने, तीही दिवसातले आठ तास लागतात. गर्दीच्या वेळी पंधरा-पंधरा मिनिटे मोजून चारने गुणा. तुमच्या अरुंद रस्त्यावर हा आकडा निघणे अवघड दिसते. आणि रिकाम्या चौकात लाल दिवा कुणी पाळत नाही, हे यजमानांचे म्हणणे तिथे अगदी खरे ठरेल.

अध्यक्षांच्या वर्गणीच्या बेताला मात्र नम्रपणे पण ठाम नकार द्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११६ प्रमाणे रस्त्यावर वाहतूक चिन्हे लावण्याचा अधिकार राज्य शासनाला किंवा त्याने नेमलेल्या प्राधिकरणाला आहे. सोसायटीने रंगवलेला 'थांबा' कायद्याच्या लेखी फलकच नाही. तो न पाळणाऱ्यावर कारवाई होत नाही. शिवाय तो रंगाचा असतो, रात्री चमकत नाही. खऱ्या फलकावर परावर्तक पत्रा असतो. ओळखायचा असेल तर रात्री पंधरा-वीस पावलांवर उभे राहून मोबाइलचा टॉर्च डोळ्यालगत धरा. खरा फलक झळाळून उठतो, रंगवलेला काळपट राहतो.

घरगुती गतिरोधक तर याहून वाईट. उरलेले काँक्रीट ओतून केलेला हात-दीड हात रुंद, वीतभर उंच वरवंटा म्हणजे रात्री दुचाकीस्वाराला पाडायचे साधन. मोटारीचा तळ घासतो, ॲम्ब्युलन्समधल्या रुग्णाचे हाल होतात, वरच्या बाजूला पाणी साचून डांबर उखडते. आणि कुणी पडून जखमी झाले, तर तो कुणी घातला याची चौकशी थेट वर्गणीच्या पावतीपुस्तकापर्यंत येते. मानकांतला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच असतो. ताशी २५ ने आरामात ओलांडता येतो, त्याहून जोरात गेले की दणका देतो. सात मीटर रुंद रस्त्यावर तो घालायला पावणेदोन घनमीटर, म्हणजे चार टनांच्या आसपास डांबरमिश्रण आणि रोलर लागतो. घमेल्याने होणारे काम नाही. त्याच्या ४० मीटर आधी सूचनाफलक, अंगावर पट्टे आणि वर पथदिवा हवा. बाजारात मिळणारे रबरी तुकडे खिळ्यांवर बसवतात. काही महिन्यांत तुकडा निघतो आणि खिळा तिथेच राहतो, टायरची वाट पाहत.

यजमानांच्या शंकेला मी हसण्यावारी नेणार नाही. नुसत्या फलकाचा नियम मोडायला काहीच लागत नाही. म्हणून फलकाबरोबर रस्त्याचा आकार बदलायची मागणी करा. चौकाचे कोपरे फार गोलाईचे असतील तर वाहने वेग न कमी करता वळतात. कोपऱ्याचा पदपथ थोडा पुढे आणून किंवा तेवढा भाग रंगवून त्यावर बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवणारे ठेंगणे खांब, रोवले, तर वळण घट्ट होते, पायी ओलांडायचे अंतर घटते आणि कोपऱ्यावर गाडी लावताच येत नाही. दोन बोलार्डमध्ये सव्वा मीटर मोकळे ठेवायला सांगा, म्हणजे व्हीलचेअर जाते, मोटार जात नाही. एका मागणीत तिन्ही कारणांना हात घालणारा दुसरा उपाय नाही. रुंद रस्त्यावरचा वेग फारच निघाला, तर पदपथाच्या पातळीला उचललेले पादचारी क्रॉसिंग मागा. गतिरोधकाचे काम तेही करते आणि आजी-आजोबांना रस्त्यावर उतरावे लागत नाही.

पत्र असे लिहा. एकच पान. वर चौकाचे ठिकाण: रस्त्यांची नावे, ठळक खूण, नकाशातले अक्षांश-रेखांश, जवळच्या विजेच्या खांबांचे क्रमांक. मग मोजमापे चार ओळींत. मग मागण्या, नेमक्या शब्दांत: पथ विभाग आणि वाहतूक शाखा यांची संयुक्त पाहणी, अरुंद रस्त्याच्या दोन्ही तोंडांना 'थांबा' फलक, थांबारेषा आणि रस्त्यावर 'थांबा' अक्षरे, रुंद रस्त्यावर पुढे चौक असल्याचा त्रिकोणी सूचनाफलक, झेब्रा क्रॉसिंग, चारही कोपऱ्यांवर बोलार्ड, कोपऱ्यांपासून नो पार्किंग. पट्टे थर्मोप्लास्टिकचे, काचमण्यांसह हवेत असे लिहा, कारण साधा रंग एका पावसाळ्यात उडतो. फलकाची खालची कड पदपथापासून २.१ मीटर उंच असावी, म्हणजे माणसाचे डोकेही आपटत नाही आणि उभ्या टेम्पोमागे फलकही दडत नाही. सोबत हाताने काढलेला आराखडा, फोटो आणि सह्या. चारशे सह्यांपेक्षा चारही सोसायट्यांचे ठराव वजनदार ठरतात. सह्या त्यांच्या मागे जोडा.

अपघातांची नोंदही सोबत द्या. किरकोळ धडका पोलिसांत नोंदवल्याच जात नाहीत, त्यामुळे कागदावर तुमचा चौक अगदी निर्धोक असतो. आजपासून एक वही घाला: तारीख, वेळ, कोणते वाहन कोणत्या बाजूने, पाऊस की कोरडे, दिवे होते का, कुणाला लागले. माणूस जखमी झाला असेल तर ठाण्यात नोंद झालीच पाहिजे, आजोबांची झाली होती का हे विचारून घ्या.

पत्र एकाच दिवशी दोन ठिकाणी द्या: क्षेत्रीय कार्यालयामार्फत पथ विभागाला आणि तुमच्या भागाच्या वाहतूक शाखेला, दोघांच्याही पत्रात दुसऱ्याला प्रत दिल्याचा उल्लेख हवा. फलक, पट्टे आणि बांधकाम महापालिका करते. नो पार्किंग, एकेरी वाहतूक, वेगमर्यादा यांना पोलिसांचा आदेश लागतो आणि कायमचा आदेश काढण्याआधी ते सहसा हरकती-सूचना मागवतात. तेव्हा अनुकूल सूचनाही लेखी द्या, नाहीतर तिथे फक्त हरकती पोहोचतात. पोचेवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

एक अडचण आधीच तपासा: अरुंद रस्ता महापालिकेच्या ताब्यात आहे का? जुन्या लेआउटमधले कित्येक अंतर्गत रस्ते हस्तांतरितच झालेले नसतात आणि मग फाइल मुकाट्याने बंद होते. क्षेत्रीय कार्यालयात हे पहिल्याच भेटीत विचारा. नसेल, तर हस्तांतराचा अर्ज हे पहिले काम. तुमच्यासारखाच चौक नगरपालिकेच्या हद्दीत असेल तर पत्र मुख्याधिकाऱ्यांना जाईल. रस्ता राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागाला. आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला प्रत सगळ्यांनीच द्यावी.

महिनाभर हालचाल नाही, तर माहिती अधिकार. "फलक का लावला नाही?" असे विचारू नका, 'का'ला उत्तर देणे त्यांना बंधनकारक नसते. "अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावरील टिपणी, पाहणी अहवाल आणि सद्यस्थितीची प्रत द्यावी" एवढेच मागा. १० रुपये शुल्क, महाराष्ट्रात एक अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत. ३० दिवसांत उत्तर नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. अनेकदा टिपणीची प्रत द्यायची म्हणूनच टिपणी लिहिली जाते. सदोष रस्त्याबद्दल यंत्रणेला दंड करणारे कलम १९८अ २०१९ च्या दुरुस्तीत आले आहे, पण पहिल्याच पत्रात ते उगारू नका. ज्याला चौकात बोलवायचे आहे त्यालाच धमकावून काय मिळणार? निधीचे कारण पुढे आले, तर पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकात कामे सुचवता येतात. पुढच्या वर्षीसाठी तुमच्या मागण्या त्या अर्जातही घाला.

मोजणी सुटीत करू नका. शाळा सुरू असतानाचा मंगळवार-बुधवार घ्या, सकाळी शाळा भरताना आणि संध्याकाळी. काम झाल्यावर महिन्याने त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा ४० वाहने मोजा. वेग उतरला नसेल तर उचललेल्या क्रॉसिंगची मागणी दुसऱ्या पत्रात जोर धरते. पुढेही दर सहा महिन्यांनी कुणीतरी एक फेरी मारावी, कारण पावसाळ्यानंतर फांद्या फलकावर येतात, उत्सवात त्यालाच फ्लेक्स बांधला जातो, आणि नवे डांबर पडले की पट्टे गाडले जातात व ते पुन्हा मारायला सहसा कुणी आपणहून येत नाही.

अध्यक्षांनी वर्गणी गोळा करायला सुरुवात केलीच असेल, तर तिचा उपयोग आहे. तुमच्या फाटकातून बाहेर पडताना पदपथावरचे माणूस दिसत नसेल, तर सोसायटीच्या स्वतःच्या भिंतीवर बहिर्वक्र आरसा बसवा आणि फाटकावर चांगला दिवा लावा. आवाराच्या आत लावलेल्या आरशाला वाहतूक चिन्हांचे बंधन नाही. मात्र त्यात येणारे वाहन असते त्याहून लांब दिसते, तेव्हा आरशात बघून थेट बाहेर काढू नका, फाटकापाशी थांबून मान वळवूनच काढा, असे वॉचमनपासून व्हॅनवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवा.